वेणीतली चांदी

आत्याचे पणजोबा अमेरिकी घोडदळाशी लढताना जिथे पडले, तिथल्या मातीत त्यांच्या वेणीतल्या चांदीच्या चकत्या सापडल्या आणि शहरातल्या संग्रहालयाने त्या काचेत मांडल्या. त्या आमच्या आहेत हे पटवण्यात रोवीना आत्याचं अर्धं आयुष्य गेलं. "तुम्हाला त्या सांभाळता येणार नाहीत," असं दर खेपेला सुनावणारे संग्रहालयाचे हॅलोरनसाहेबच आज त्या परत करायला आमच्या लेम डियर गावच्या हॉलवर आले होते.

आम्हा शायेन आदिवासींकडे आनंदाच्या दिवशी पाहुण्यांनी काही आणायचं नसतं, घरच्यांनीच त्यांना वाटायचं असतं. गोधड्या वाटून झाल्या, शाली संपल्या, तरी आत्या काही खाली बसेना. चकत्या तिच्या मुठीत होत्या आणि मला जागेवर चैन पडेना.

"आत्या, पुरे आता. सूप गार होतंय."

"मग पी ना तू! माझ्या मागे कशाला लागलायस?"

ती तडक हॅलोरनसाहेबांसमोर गेली, त्यांचा हात हातात घेतला आणि चकत्या त्यांच्या तळव्यावर ठेवल्या.

मी धावत जाऊन तिचा दंड धरला. "अगं, वेड लागलंय का तुला? परत यांनाच द्यायच्या होत्या, तर इतकी वर्षं भांडलीस कशाला?"

 

"त्यांच्या काचेत होत्या तोवर मला त्या देता कुठे येत होत्या?"