रिम्माचा प्रश्न

रिम्माने फोटो यंत्राच्या काचेवर पालथा ठेवून संगणकात घेतला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"माणूस आहे, की गेलेला?"

तळ्याकाठच्या बाल्खाश गावच्या बाजारात दोऱ्यांच्या दुकानामागे तिची एवढीशी खोली होती. लोक फोटो आणत, ती त्यांचे फुलीच्या टाक्याचे नमुने करून देई. प्रोग्रॅम फोटोचे चौकोन पाडायचा, प्रत्येक चौकोनाला रंगाची एक खूण द्यायचा, आणि कागद छापून बाहेर. पण जिवंत माणसाचा चेहरा भरायचा नाही, सुईमागून त्याचं आयुष्यही ओढलं जातं, असं तिकडच्या भरतकाम करणाऱ्या बायका मानतात. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. रिम्मा प्रत्येकाला विचारायची, आणि 'आहे' असं उत्तर आलं की फोटो परत करायची. गिऱ्हाईक गेलं तरी बेहत्तर.

समोर काम्शात आणि तिची सून झादिरा बसल्या होत्या. फोटो काम्शातच्या मुलाचा होता, दौरेनचा. गेल्या मार्चमध्ये तो तळ्याच्या बर्फावर मासे धरायला गेला. बर्फ फुटल्यावर लोकांना त्याची ढकलगाडी सापडली, दोर सापडला. तो सापडला नाही.

"आहे," झादिरा म्हणाली.

"नाही," काम्शात म्हणाली.

दोन्ही उत्तरं एकाच वेळी आली. रिम्माने माऊसवरचा हात काढून घेतला.

"आपा, आधी घरी ठरवून या. मी काय काझी आहे?"

"ठरलंय. पुढच्या महिन्यात वर्षाचं जेवण घालणार आहे. कापायला घोडासुद्धा सांगून ठेवलाय. चेहरा मी भरणार. भिंतीवर शोभेल एवढा मोठा कर."

"एवढ्या मोठ्याला पन्नास हजार फुल्या होतात. दोन वर्षं जातील तुमची."

"जाऊ देत. मला दुसरं काय काम आहे?"

झादिराने फोटोवर हात ठेवला. चोवीस वर्षांची पोर, पण या वर्षाने तिच्या तोंडावरची रया पार घालवली होती.

"आई, त्याचे बूट अजून दारात आहेत. तुम्हीच रोज पुसता ते."

"पुसते. घरात धूळ मला खपत नाही."

"मग पेटीत का नाही टाकत?"

भिंतीपलीकडे दुकानदारीण कुणाला तरी मॅटीचं कापड मोजून देत होती, तिचे आकडे ऐकू येत होते. मग काम्शातने सुनेचा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला.

"माझ्याकडे बघ, पोरी. तो जन्मला तेव्हा रडला नाही. निळा पडला होता. सुईण म्हणाली, गेलं. मी म्हटलं, नाही, जिवंत आहे, उलटा धर. मला कळलं होतं. आईला कळतं. तसंच आताही कळतंय. तो नाहीये."

"कधी कळलं?"

"थंडी सुरू झाली तेव्हा."

"आणि आज सांगताय?"

"तोंड उघडत नव्हतं गं."

झादिराने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. खोटं शोधावं तसं पाहिलं. म्हातारीने नजर हलू दिली नाही.

"तुझे वडील दोनदा न्यायला आले," काम्शात म्हणाली, "दोनदा तू त्यांना हात हलवत परत पाठवलंस. जेवणाला येतील तेव्हा त्यांच्याबरोबर जा. इथे कुणाची वाट बघायची राहिलेली नाही."

पोरीचा चेहरा हळूहळू चुरगळला. ती आवाज न करता रडली, मग उठून बाहेर दुकानातल्या नळावर तोंड धुवायला गेली. रिम्माचेही डोळे भरून आले होते. आपण कशाला विचारलं, असं तिला झालं होतं, पण विचारल्याशिवाय भागणारही नव्हतं. तिने नाक पुसलं आणि कामाला लागली. रंग चाळीस. रुंदीला दोनशे फुल्या. पडद्यावर दौरेनचं हसणं चौकोनाचौकोनांत फुटलं आणि लांबून पाहिलं तर पुन्हा जुळलं.

"छापू का, आपा?"

काम्शात दाराकडे बघत होती. नळ अजून वाहत होता.

"नको. पुसून टाक."

"काय पुसू?"

"त्याचा चेहरा. काढ तिथून, लवकर. आणि दुसरा कशाचा तरी नमुना छापून दे. फुलं दे, मांजर दे, काहीही दे, फक्त एवढाच मोठा दे. तिला भरतकामातलं ओ की ठो कळत नाही. कागदावर तिला नुसत्या खुणाच दिसतील."

रिम्मा तिच्याकडे बघतच राहिली.

"पण आपा, आत्ता तर तुम्ही म्हणालात..."

"म्हणाले."

काम्शातने फोटो उचलला, काचेवर टेकलेली बाजू ओढणीने पुसली आणि कोटाच्या आत, छातीशी ठेवला. बाहेर नळ बंद झाला. तिने आवाज खाली आणला.

"तो यायचा तेव्हा येईल, रिम्मा. पण पोरीची वर्षं कुठून परत यायची?"