लोहपाईक

"व्हय मालक, आत्ता पेटवतोत," एवढंच म्हणायचं होतं. सुधारानी गप्प राहिली.

समोरच्या पडद्यावर काजळासुराने हुकूम सोडला होता. गाव पेटवा. त्याच्या पुढ्यात लोहपाईकांची रांग पार क्षितिजापर्यंत उभी होती. सगळी यंत्रं. चेहरे एकसारखे, डोळ्यांच्या जागी लाल दिवे. पहिल्या पाईकाचा जबडा उघडला आणि मिटला. आवाज आलाच नाही.

"काय झालं, अक्का?" काचेपलीकडून प्रशांतकुमारने विचारलं. बीदरमधला हा लहानसा स्टुडिओ त्याचाच होता.

"पुन्हा घेऊ," त्याच्या शेजारी बसलेल्या स्नेहा मॅडम म्हणाल्या. त्या पुण्याहून आल्या होत्या. या कार्टून मालिकेतलं कोणतं पात्र मराठीत कसं बोलेल, ते त्या ठरवत.

सुधारानी बीदरजवळच्या कोहिनूर गावची. घरात अर्धं बोलणं कन्नड, अर्धं मराठी. आवाज मात्र असा, की शेतातून हाक मारली तर वेशीवरचा माणूस वळून बघायचा. बीदरला येऊन तिने साड्यांच्या दुकानांच्या, जत्रांच्या जाहिराती बोलल्या. मोठ्या कामासाठी जिथे जिथे आवाज पाठवला, तिथून एकच उत्तर यायचं. आवाज छान आहे, पण ते 'न्हाई' काढा, 'कामून' काढा. तिने पुष्कळ काढून बघितलं. घाईत बोलताना ते परत यायचं.

मग ही मालिका आली. मॅडमनी तिचं बोलणं ऐकलं आणि टाळी वाजवली. "अगदी अस्संच बोला. लोहपाईक मठ्ठ असतात. त्यांना हीच भाषा शोभेल."

त्या दिवशी सुधारानीला फक्त 'अस्संच बोला' ऐकू आलं होतं. आनंदाच्या भरात तिने आणखी दोघांना बोलावून आणलं. बसस्थानकावर गाड्या पुकारणारा संगमेश्वर आणि मुडबीच्या मठात वचनं गाणाऱ्या कमलम्मा. तिघांच्या आवाजांवर आवाज चढवून प्रशांतकुमारने हजारोंची फौज उभी केली. पुढच्या भागांत सुधारानीला महाराणीचा आवाज द्यायचा, असं मॅडमनी कबूल केलं होतं. बोलणं स्वच्छ केलं तर.

गेल्या रविवारी ती कोहिनूरला गेली होती. मालिका लागली तेव्हा अंगणातली सगळी पोरं टीव्हीपुढे जमली. राजकन्या अवनी पुस्तकातल्यासारखं बोलली. लोहपाईक 'कुठं जायलोत रं आपुन?' म्हणत एकमेकांवर आपटले, आणि पोरं हसून लोळली. सुधारानीही हसली. घराचं बोलणं टीव्हीवर आलं होतं.

दुपारी आई, ईरम्मा, ट्रंकेतली इरकल काढून बसली. दुसऱ्या दिवशी नातीच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं. ती नात, चैत्रा, दारात उभी राहिली.

"आजी, तू नगं येऊ शाळेत."

"कामून गं?"

"तू लोहपाईकावानी बोलतीस. पोरं हसतेत."

ईरम्माने साडीची घडी पुन्हा नीट केली, ट्रंकेत ठेवली आणि झाकण लावलं. टीव्हीवरचं ते बोलणं लेकीच्याच आवाजातलं आहे, हे तिला ठाऊक होतं. तरी लेकीला तिने एका शब्दाने दुखावलं नाही. संध्याकाळी बसपर्यंत पोचवायला आली, डब्यात शेंगापोळी दिली.

आता काजळासुराने तोच हुकूम पुन्हा सोडला. पाईकाचा जबडा हलला. सुधारानीने श्वास घेतला.

"न्हाई, मालक."

"अहो, चुकलं," मॅडम म्हणाल्या.

"चुकलं न्हाई. ह्या बोलीत मी आता कुणाचं गाव पेटवणार न्हाई. पाईकांना तुमचं स्वच्छ बोलणं द्या. न्हाई तर राजकन्येला बी आमचं द्या."

मॅडम हसल्या. "राजकन्या अशी बोलली, तर ती राजकन्या वाटेल का कुणाला?"

"मला वाटंल."

"कार्टून आहे हो ते! इतकं मनावर घेता?" मॅडमचं हसू ओसरलं. "महाराणीचं काम हातचं जाईल, सांगून ठेवते."

अशा कामासाठी सुधारानी कित्येक वर्षं झुरली होती.

"जाऊ द्या," ती म्हणाली. कानावरचे हेडफोन काढून तिने खुंटीला अडकवले आणि बाहेर येऊन संगमेश्वर आणि कमलम्मांशेजारी बाकावर बसली.

"संगमेश्वर, तुम्ही या," मॅडमनी हाक मारली. "पाईक सगळे सारखेच. कुणीही बोललं तरी चालतं."

संगमेश्वर उठला. आत जाताना त्याने सुधारानीकडे बघितलं, पण ती जमिनीकडे बघत होती. दार लागलं. काजळासुर गरजला. संगमेश्वरने बसस्थानकावर खाकरतो तसं खाकरून घेतलं.

"न्हाई, मालक. जमणार न्हाई."

प्रशांतकुमारचा हात बटणावर तसाच राहिला. मॅडम खुर्चीतून उठल्या आणि कमलम्मांकडे वळल्या. म्हातारीने मांडीवरची पिशवी घट्ट धरली होती.

"बाई, तुम्ही तरी?"

"मला कन्नडात बी न्हाई म्हनता येतंय," कमलम्मा म्हणाल्या. "ऐकायचंय?"

चित्र थांबवायचं कुणालाच सुचलं नाही. पडद्यावर काजळासुराने हात उंचावून पुन्हा हुकूम सोडला, आणि क्षितिजापर्यंत पसरलेल्या त्याच्या फौजेत 'व्हय' म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.