निरोपाचा शब्द

आयर्लंडहून हरसूलला आलेल्या मिशनच्या नर्सबाईंच्या तोंडावर कुसाबाईनं तिसऱ्या दिवशीही दार आपटलं. आत तिची नात जुलाबांनी सुकत चालली होती, बाहेर जलसंजीवनीची पुडी मुठीत घामेजली होती. पहिल्या दिवशी “उद्या बघू” ऐकून नर्सबाई गोड हसून “बरं, मी जाते” म्हणाल्या, तेव्हापासून म्हातारी बिथरली होती. आजही बंद दाराकडे बघून त्या तेच म्हणाल्या, तशी बाजाराला निघालेली अनोळखी बाई डोईवरची पाटी सावरत थांबली. “आजाऱ्याच्या दारात ‘जाते’ म्हनत्यात व्हय, सिस्टर? जाते म्हंजे कायमची! ‘येते’ म्हना.” नर्सबाईंचं मराठी व्याकरण बिनचूक होतं, म्हणूनच म्हातारीला तो शब्द मुद्दाम म्हटल्यासारखा लागला होता. आतलं रडणं आता ऐकूच येईना. नर्सबाईंनी पुन्हा कडी वाजवली. पुडी उंबऱ्यावर ठेवून त्या दाराकडे बघत म्हणाल्या, “येते.” पायरी उतरतात तोच कुसाबाईनं दार उघडलं. “येते म्हनती आन् चालली कुठं? पानी उकाळलंय, ये आत.”