दोन थर शेंदूर

फूल काही पडेना.

तलवाड्याच्या मारुतीच्या उजव्या खांद्यावर रुईचं एक फूल होतं आणि डाव्या खांद्यावर एक. उजवं थोरल्या बद्रीनाथचं, डावं धाकट्या बंकटचं. ज्याचं फूल आधी गळेल त्याला देवाने कौल दिला, असं समजायचं. एरवी हा मारुती फार तातडीचा. सटवा गुरवाने फूल पाण्यात बुडवून लावलं की त्याचा हात मागे येईपर्यंत निकाल पायाशी. आज मात्र सकाळी लावलेली फुलं दुपार टळली तरी ऐटीत बसून होती. सगळा गाव देवळात माना ताणून बसला होता.

भांडण राधाकिशन आप्पांच्या जमिनीचं. आप्पा वारले त्याला महिना होत आला होता. त्यांनी जिवंतपणीच पोरं ओळखली होती. ही दोघं बैल कुणाचा यावर भांडायची आणि ते मिटलं की शेण कुणाचं यावर. आपल्यामागे हे विहिरीतसुद्धा भिंत घालतील, या धास्तीने आप्पांनी बीडच्या वकिलाला गाठलं आणि सगळी जमीन मारुतीच्या नावे करून टाकली. मालक मारुती. विकायची नाही, वाटायची नाही. खळ्यातली पहिली रास देवाची, उरलेल्यावर घर चालवायचं. देवाच्या वतीने कारभार बघायला एक वहिवाटदार, आणि तो देवानेच कौल देऊन निवडायचा. तोवर कारभार कुटुंबाकडे, म्हणजे आप्पांच्या बायकोकडे, केसरबाईकडे. कागद गावासमोर वाचला गेला तेव्हा या शेवटच्या वाक्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. कौलाला असा वेळ तो किती लागतो?

केसरबाई खांबाला टेकून बसली होती. ज्याला कौल मिळेल त्याच्या बायकोच्या हाती भाकरीची टोपली जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या बायनाबाईच्या पोरांनी आधी शेत वाटलं, मग भांडी वाटली आणि शेवटी आई वाटली. शुद्ध पक्षात ती थोरल्याकडे जेवायची, वद्य पक्षात धाकट्याकडे. अमावास्येला धाकटा म्हणायचा माझा पक्ष संपला, थोरला म्हणायचा माझा अजून लागला कुठे. त्या दिवशी बायनाबाई ताट घेऊन केसरबाईच्या दारात यायची आणि हसत हसत डोळे पुसायची.

बंकटने उठून घंटा बडवली. इतकी बडवली की छतातलं पारव्याचं घरटं खाली आलं. फुलं जागच्या जागी.

"देवाला हलवतो का बे?" गावचे पाटील ओरडले. "बस खाली."

इतक्यात सुग्रीव धनगराची शेळी गाभाऱ्यात शिरली. तिने फुलांकडे पाहिलं आणि जीभ बाहेर काढली. दोघे भाऊ एकदम उठले.

"माज्या फुलाकडं बगतीय!"

"तुज्या कावून? माज्या!"

पुढचे पाय वर करून शेळी देवापर्यंत पोचलीच होती. पण केसरबाई या वयात तिच्याही आधी तिथे पोचली. तिने शेळीला असा काही रट्टा दिला की ती थेट पारापलीकडे जाऊन थांबली. देवावर एवढी भक्ती पाहून गाव गहिवरला.

शेवटी पाटलांनी गुरवाला फुलं तपासायला सांगितलं. सटवाने फुलाशेजारी बोट टेकवलं. ते तिथेच चिकटलं. दुसऱ्या हाताने ओढून त्याने ते सोडवलं.

"पाटील, शेंदूर लई झालाय. वला हाय अजून."

"कुणी चढवला एवढा?"

सटवा पायाचा अंगठा जमिनीवर घासू लागला. "पहाटं बद्रीनाथ आलते. देव खूश व्हावा म्हनून जाड थर दिला. ते गेले अन् बंकट आले. त्यायनी त्याच्यावर दुसरा दिला. मी न्हाई कसं म्हनू? दोगंबी मालकाची पोरं."

देऊळ हसून लोटपोट झालं. बद्रीनाथ बंकटकडे बघेना, बंकट बद्रीनाथकडे बघेना. देवाला गुपचूप मस्का लावायला गेलेले दोघे भर गावात उघडे पडले होते.

"काडा ती फुलं, फिरून लावा," बद्रीनाथ पुटपुटला.

"न्हाई," पाटील म्हणाले. "लावल्याला कौल मानसानं काडायचा नसतो. देव इचार करतोय, करू द्या. तवर आप्पानं लिवलंय तसं. कारभार केसरवैनीकडं."

"किती दिस?"

"ते देवाला इचार."

केसरबाईने पदर खोचला. "बद्री, उद्यापासून तू औत धर. बंकट, तू मोट हाक. बैल दोगांचे." ती पायरीपर्यंत गेली आणि वळली. "अन् शेन माजं."

दोघे खाली मान घालून निघाले. गाव पांगला. देवळात गुरव आणि केसरबाई एवढेच उरले. सटवा पारव्याचं घरटं उचलून ठेवता ठेवता म्हणाला, "काय म्हनावं वैनी! एकमेकाचं तोंड बगत न्हाईत, अन् शेंदराची बुद्दी दोगायला एकाच दिशी कशी सुचली?"

"आई एकच हाय ना त्यायची," केसरबाई म्हणाली. तिने कनवटीची पुडी सोडून त्याच्या हातावर ठेवली. "हा पुडच्या शनवारचा शेंदूर. जरा जाडच लाव."