सिमेंटखालची पावलं

तामसी गावातल्या एका गल्लीत पाण्याचा पाइप टाकायचा होता, म्हणून महिपत सकाळपासून ब्रेकरनं सिमेंटचा रस्ता फोडत होता. सोनाबाईच्या घरासमोरचा एक मोठा तुकडा त्यानं पहारीनं उलटला, तर त्याच्या खालच्या अंगाला अनवाणी पावलाचा ठसा.

मातीत पाऊल उमटलेलं असतं, तर सिमेंट त्यात भरून फुगवटा आला असता. इथं खळगा होता. जणू कोणी खालून पाय रोवला होता.

महिपतला राहवेना. त्यानं पुढचा तुकडा उलटला. तिथं दुसरं पाऊल, सोनाबाईच्या दाराकडं निघालेलं.

"लक्ष्मीची पावलं हायेत," सोनाबाई हरखून म्हणाली. तिनं घरातून कुंकू कालवून आणलं आणि दोन्ही खळग्यांत बोटानं भरलं.

"पण मावशी, लक्ष्मी जमिनीखालून काऊन चालून राह्यली?"

"तू फोड. घरापोत आली का नाई ते पाहू."

हसत हसत महिपतनं पुन्हा ब्रेकर लावला. आता उंबरठ्याला लागून एकच तुकडा उरला होता. रस्ता झाल्यापासून तो कोणी हलवला नव्हता. तो सुटला, तसा महिपतनं खाली वाकून उलटला.

दोन पावलं जोडीनं थांबली होती, बोटं दाराकडं करून. दोन्ही खळग्यांत कुंकू होतं, ओलं.

"आली का रे?" सोनाबाईनं उंबरठ्याच्या आतून विचारलं.