पिवळा झगा

"नाटक फर्मास झालंय, आंपारो. फक्त नायिकेचं काम नूरियाला देऊ या," दिग्दर्शक गोन्सालो कॉफी ढवळत म्हणाला. "ती तरुण आहे, तिच्या नावावर तिकिटं खपतात."

आंपारोची उभी हयात माद्रिदच्या रंगभूमीवर गेली होती. अलीकडे तिच्या वाट्याला नुसत्या खोकणाऱ्या आज्या यायच्या, म्हणून तर तिने हे नाटक स्वतःसाठी लिहिलं होतं. तरीही ती गोड हसली. "दे की! मी आता लेखिका. फक्त शेवटच्या प्रवेशात नायिका पिवळ्या झग्यात येते, एवढं लिहायचं राहिलंय."

गोन्सालोचा चमचा थांबला. रंगमंचावर पिवळं घातलं की नाटक बुडतं, अशी तिकडच्या नटांची पक्की समजूत.

"दुसरा रंग नाही चालणार?"

"छे! त्या रंगातच नाटकाचा प्राण आहे."

झगा शिवून आला आणि नूरियाला एकाएकी ताप भरला. तिच्यानंतर ज्यांना विचारलं, त्यांनी रंग ऐकूनच फोन ठेवले. पहिला प्रयोग तोंडावर आला, तेव्हा गोन्सालो फुलं घेऊन आंपारोच्या दारात उभा राहिला.

बरेच आढेवेढे घेऊन ती तयार झाली. मग तिने संहिता उघडली, ‘पिवळ्या’वर काट मारली आणि वर ‘निळ्या’ असं लिहिलं.

"अगं, आणि नाटकाचा प्राण?"

"ते लेखिका म्हणाली होती," आंपारो फुलं हुंगत म्हणाली. "मी नटी आहे, बाबा. मी नाही पिवळं घालत."