वर्नाचं गाणं

अमेरिकेत कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलमध्ये हल्ली गाणी वेळ ठरवून, तिघंचौघं खोलीत बसून पाडतात. अशाच एका बैठकीत म्हातारा गीतकार ड्यूई म्हणाला, "वर्ना गेली, पण तिचा कोट अजून दारामागच्या खुंटीलाच आहे. माझ्याच्यानं काढवत नाही."

"वा काका! याला म्हणतात कंट्री!" तरणा गायक ट्रिप खूश झाला. "फक्त मेलेली बायको रेडिओवर चालत नाही. पळून गेली म्हणू. नाव मात्र वर्नाच ठेवू, अस्सल वाटतं."

कित्येक वर्षांनी ड्यूईला कुणी गाणं लिहायला बोलावलं होतं. त्यानं होकारार्थी मान हलवली.

गाणं तुफान चाललं. मग केंटकीहून सासूचा फोन आला.

"अरे ड्यूई, शेवटी तिचा हात तुझ्याच हातात होता ना? मग माझी पोर पळाली कुणाबरोबर?"